हरणांचा वळसा

१

नवस बोलताना देवाला पेचात टाकू नये, असं माझी आई म्हणायची. होण्यासारखं असेल तेच मागावं. मी मात्र एकदा न होण्यासारखं मागून बसले. माझ्या सासूबाईंना त्यांचं माहेरचं घर पुन्हा एकदा पाहू दे, असं हात जोडून म्हटलं आणि बदल्यात आठवड्यातला एक दिवस, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत, मौन धरायचं कबूल केलं. काम होण्याआधीच मी नवस फेडायला लागले हे पाहून आमचे हे म्हणाले, आगाऊ मिळाल्यावर देव कशाला घाई करेल? पण तेवढाच एक दिवस घरात शांतता, तेव्हा चालू दे.

न होण्यासारखं अशासाठी, की ते घर उरलंच नव्हतं. सासूबाई लहान असताना सरहद्दीवर गोळीबार सुरू झाला, एका सकाळी लष्कराचे ट्रक आले आणि अख्खं गाव उठवलं गेलं. पुढे गावाच्या अल्याड एक कुंपण पडलं, पल्याड दुसरं. मधला पट्टा कुणाचाच नाही. त्यात सुरुंग पेरले, घरांचे दगड उचलून नेऊन चौक्या बांधल्या, आणि बाकी सगळ्यावर गवत माजलं.

सासूबाईंनी त्या हिवाळ्यात जेवण तोडलं होतं. दुखणं म्हणावं तर एकही नाही. तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. ताट समोर ठेवलं की दोन घास चिवडायच्या आणि म्हणायच्या, एक काम अर्धवट राहिलंय गं, ते झाल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. कसलं काम, ते सांगायच्या नाहीत. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर त्या उन्हाळा काढणार नाहीत.

माणूस डोळ्यांदेखत विझत चाललं असेल, तर देवाला पेचात टाकायला मला काही वाटत नाही.

२

आणि देवाने काय दार उघडलं पाहा. माझी लेक माहितीपटांचं संकलन करते, म्हणजे इतरांनी टिपून आणलेली दृश्यं कापते, जोडते, त्यांचा सिनेमा करते. घरातली मागची खोली तिची. तिच्याकडे जे नवं काम आलं, ते नेमकं त्या पट्ट्याचं निघालं. दिग्दर्शक म्हणजे एक उमदा, दाढीवाला माणूस. घरात त्याचं नाव दाढीवालेच पडलं. त्याला दाखवायचं होतं की माणूस हटला की निसर्ग कसा परत येतो. पट्ट्यात आत जायची कुणालाच परवानगी नव्हती, म्हणून त्याने गस्तीच्या वाटेवरच्या खांबांना कॅमेरे बांधून घेतले होते. जवान येता-जाता बॅटऱ्या बदलत, चित्रण काढून देत. ते सगळं आमच्या मागच्या खोलीत येऊन पडे.

तासन् तास नुसतं गवत. कुणीतरी ते डोळ्यांत तेल घालून पाहायचं आणि काही हललं की लेकीला हाक मारायची. माझ्या मौनाच्या दिवशी लेक म्हणाली, तू आज बोलायची नाहीस, उठायची नाहीस, हेच कर. हाकेऐवजी टेबलावर टिचकी मार.

खरं सांगते, पहिलं हरीण आलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी दोन्ही हातांनी टेबल बडवलं. गवतातून आधी कान वर आले, मग ती ओली काळी नाकपुडी, मग मागून अख्खा कळप. सासूबाईंच्या गावात हरणं. मी रडले आणि हसले, आणि मौन म्हणून दोन्ही गुपचूप केलं.

नंतर मी त्यांची वाटच पाहायला लागले. माझा दिवस नसला तरी स्वयंपाक उरकून जाऊन बसायची. आणि रोज बसल्यामुळेच ते माझ्या लक्षात आलं.

समोर मोकळं माळरान. कुठूनही कुठेही जाता येईल असं. पण हरणं सरळ येत नसत. डावीकडून येत, एका जागी थबकत, काटकोनात वळत, एका रेषेने चालत राहत, मग पुन्हा काटकोनात वळून एकामागून एक आत येत. आत म्हणजे कशाच्या आत, ते मला तेव्हा सुचलं नाही. मी मनात म्हटलं एवढंच, की ही हरणं दारातून आल्यासारखी येतात.

३

मी देवभोळी असेन, पण भोळी नाही. आधी साधी कारणं शोधली. लेकीने दाढीवाल्यांना विचारलं, दाढीवाल्यांनी चौकीवरच्या कप्तानांना. कप्तान म्हणाले, यात नवल काही नाही; जनावरांना सुरुंगाचा वास लागतो, ती वळसा घालतात. झालं, माझं समाधान झालं. दाढीवाले तर नाचायचेच बाकी होते. युद्धाने पेरलेल्या मरणाभोवती निसर्ग वाट काढतो, असं एक वाक्य त्यांनी तिथल्या तिथे निवेदनात घातलं.

मग एके दिवशी नर आला. शिंगांचा मोठा पिसारा असलेला, कळपाचा मालकच. त्याच रेषेने आला, त्याच जागी वळला, आणि वळताना त्याने मान खाली घातली. शिंगं जमिनीला समांतर होईपर्यंत. दोन पावलं तसाच चालला आणि आत येऊन मान वर केली. पाडसं मात्र तिथूनच मान न वाकवता आली.

मी ते दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहिलं. सुरुंग जमिनीत असतो. हा डोक्यावरचं काय चुकवत होता?

मी सासूबाईंना हाताला धरून मागच्या खोलीत आणलं. त्यांची नजर अधू, म्हणून पडद्याच्या अगदी जवळ बसवलं. त्या गवताकडे लक्ष देईनात. मागच्या टेकडीचा उतार पाहून म्हणाल्या, ही आमच्याच मागची. मग नर आला, वाकला. आणि सासूबाई कितीतरी महिन्यांनी खळखळून हसल्या.

"अगं, आमची चौकट बुटकी होती. वडील रोज कपाळ आपटून घ्यायचे आणि रोज सुताराच्या नावाने खडे फोडायचे."

त्या बोटाने पडद्यावर दाखवत गेल्या. ही ओसरीची भिंत. इथे दार. इथून आत आलं की डाव्या हाताला चूल. हरणं त्यांच्या बोटामागून चालत होती. लेक माझ्याकडे पाहत होती, मी लेकीकडे. माझ्या अंगावर काटा होता आणि छातीत असा आनंद मावत नव्हता, की दोन्हींतलं कुठलं खरं ते कळेना. नवस फळाला येत होता. घर दिसत होतं. फक्त, नसलेलं घर दिसत होतं.

त्या बोलत होत्या तेव्हा माझं लक्ष आतल्या कोपऱ्यातल्या गवताकडे गेलं. सगळीकडे हरणांनी गवत खाऊन जमीनदोस्त केलेलं. तेवढ्या एका जागी, पाणी तापवायच्या हंड्यापेक्षा थोड्या मोठ्या गोल जागी, ते कमरेइतकं उभं. कळप तिथे येऊन दोन बाजूंना फुटे आणि पलीकडे पुन्हा एक होई. मी सासूबाईंना ती जागा दाखवली, इथे काय होतं म्हणून विचारलं.

त्यांचं बोट पडद्यावरून खाली आलं. त्या दिवशी ते दोन घासही नाहीत.

४

पुढच्या मौनाच्या दिवशी त्या आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसल्या. मी भाजी निवडत होते. म्हणाल्या, आज तू काही विचारायची नाहीस, म्हणून तुला सांगते.

तिथे धान्याची कोठी होती. ट्रक आले त्या सकाळी घरात लपंडाव चालला होता. सासूबाईंवर राज्य होतं. धाकटी बहीण लपली होती. सासूबाई भिंतीकडे तोंड करून मोजत होत्या, तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांना उचललं आणि ट्रकमध्ये टाकलं. आई एका ट्रकमध्ये, वडील दुसऱ्यात. प्रत्येकाला वाटलं धाकटी दुसऱ्याबरोबर आहे. ट्रक थांबले तेव्हा गाव मागे राहिलं होतं आणि रस्ता बंद झाला होता. आईवडील जन्मभर छावण्यांतून, दवाखान्यांतून, सरकारी कचेऱ्यांतून तिला शोधत राहिले. कोठीचं कुणाला सुचलं नाही. सासूबाईंना माहीत होतं. ती नेहमी तिथेच लपायची. पण त्या पोरवयात त्यांना वाटलं, आपण सांगितलं तर आई मरेल. पुढे आई गेली, मग सांगण्यासारखं कुणी उरलं नाही.

"माझ्यावरचं राज्य उतरलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "ती शहाणी आहे. मी 'सापडलीस' म्हणेपर्यंत बाहेर येणार नाही."

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. मी बोलू शकत नव्हते. त्यांचा हात मात्र धरला, आणि मनात पक्कं केलं की आता नुसतं दिसून भागायचं नाही, सासूबाईंना तिथे न्यायचंच.

५

हे आडवे आले. आईला तिथे नेऊन मारायचं आहे का, म्हणाले. लेक म्हणाली, बाबा, इथे बसवून काय वेगळं करतोय आपण? त्यावर हे उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळाने परत येऊन कोणती गाडी करायची ते विचारू लागले. दाढीवाल्यांना तर घबाडच मिळालं होतं. आजी आपल्या अंगणात उभ्या, सिनेमाचा शेवट तोच. त्यांनी कुठे कुठे खेटे घातले कोण जाणे, पण थंडी सरता सरता एका सकाळपुरती परवानगी आली. सुरुंग काढणारं पथक गस्तीच्या वाटेपासून घराच्या जागेपर्यंत एक वाट साफ करून देणार, दोन्ही बाजूंना पांढरी फीत लावणार, आणि फितीबाहेर पाऊल टाकायचं नाही.

आम्ही पोचलो तर सासूबाई फितीच्या तोंडाशी खिळल्या. पथकाने वाट काढली होती सरळ, जवळात जवळची. कुणीही तशीच काढेल.

"ही भिंतीतून जाते," सासूबाई म्हणाल्या.

कप्तान आधी हसले. म्हणाले, आजी, भिंत मी माझ्या हाताने हलवतो, तुम्ही चला. पण सासूबाई कुणाचं ऐकतील तर शपथ. भिंतीतून आत शिरायला मी काय वारा आहे, म्हणाल्या. लेकीने मग कप्तानांना बरोबर आणलेल्या लॅपटॉपवर हरणांची वाट दाखवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. नर वाकला तिथे त्यांचं हसू मावळलं. पथकाला बोलावून त्यांनी यंत्र हरणांच्या वाटेवरून फिरवायला सांगितलं. वाट स्वच्छ निघाली. फीत उचलून दोन काटकोनांत, थेट त्या उभ्या गवतापर्यंत, पुन्हा लावली गेली.

पुढे सासूबाई, त्यांचा दंड धरून मी, मागे लेक. लेकीच्या कानांवर ध्वनिमुद्रणाचे हेडफोन, हातात माइक. ऊन लख्ख होतं. गवत वाऱ्याने लवत होतं, कुठूनतरी करकोचे ओरडत होते. मी मनात नामस्मरण करत होते, पण खरं सांगू, भीतीने नव्हे. लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाईंच्या माहेरी निघाले होते, त्याच लगबगीने.

दुसऱ्या वळणावर सासूबाई वाकल्या. मीही वाकले. मला कुणी सांगितलं नव्हतं.

आत आलो आणि वारा पडला. बाहेर दोन हातांवर गवत लवत होतं, आमच्या पायांपाशी पातं हलत नव्हतं. करकोचे अजून ओरडत असावेत, पण दार ओढून घेतल्यावर ऐकू यावेत तसे. मी वळून लेकीकडे पाहिलं. तिने एक हेडफोन कानावरून बाजूला केला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. नंतर तिने मला सांगितलं: मोकळ्या माळावर बोललेला शब्द उडून जातो, आई, तुमच्या पावलांचा आवाज खोलीतल्यासारखा परत येत होता.

सासूबाई कोठीपाशी गेल्या. त्या उभ्या गवतासमोर गुडघे टेकून बसल्या, दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं आणि अगदी पोरीच्या आवाजात म्हणाल्या,

"सापडलीस. चल आता."

काही झालं नाही. मी सांगते ना, काही म्हणजे काही झालं नाही. त्या उठल्या आणि आम्ही आल्या वाटेने बाहेर पडलो. पण जाताना मी त्यांचा उजवा दंड धरला होता, आणि येताना त्यांनी तो मला धरू दिला नाही. तो हात त्यांनी जरा खाली, जरा बाजूला धरून ठेवला होता. पंजा अर्धा मिटलेला. आणि दारातून बाहेर येताना त्या थांबल्या, आपल्या पुढे कुणालातरी आधी जाऊ दिल्यासारख्या.

६

गाडीतच त्यांनी मला डबा उघडायला लावला. होतं नव्हतं ते सगळं जेवल्या आणि पाणी प्यायल्या. ह्यांनी पुढच्या सीटवरून आरशात ते पाहिलं आणि डोळे पुसले. उन्हाळा आला आणि गेला. सासूबाईंच्या गालांवर मांस आलं. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. मी म्हटलं, हो.

आम्ही परतल्यानंतरच्या पहिल्याच खेपेला चौकीवरून चित्रण आलं तेव्हा मी धावतच मागच्या खोलीत गेले. हरणं आली. ओसरीची भिंत पाळली, दारापाशी वळली, नराने मान वाकवली. सगळं जिथल्या तिथे. फक्त आत आल्यावर ती दोन बाजूंना फुटली नाहीत. सरळ कोठीच्या जागेवर गेली, आणि त्या दिवसाअखेर तिथलं गवतही बाकीच्या गवताइतकं झालं.

मी देवाचे आभार मानायला पुढच्या खोलीत आले. आमचा बोका स्वयंपाकघरातून निघाला होता. रोज तो खिडकीखालच्या कोपऱ्यातून, भिंतीला अंग घासत, सरळ उन्हाच्या जागी जातो. त्या दिवशी तो कोपऱ्याअलीकडे थांबला. वर पाहिलं, फार वर नाही, माझ्या कमरेइतकं. आणि वळसा घालून गेला.

तेव्हापासून तो वळसाच घालतो.

मी सासूबाईंना विचारलं, जरा भीतभीतच. त्या शेंगा सोलत होत्या. त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

"अगं, सापडला की त्याच्यावर राज्य," त्या म्हणाल्या. "ती मोजतेय."

मी विचारलं, मग कुणी लपायचं? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं अगदीच सोपं गणित चुकवलेल्या लेकराकडे पाहावं. आणि म्हणाल्या, धाकटीला वीसच्या पुढे येत नाही. वीस झाले की ती पुन्हा एकपासून धरते. तेव्हा घाई नाही. पण तू ते खालचं कपाट मला रिकामं करून दे.

मी दिलं. काय करणार, त्या इतक्या खुशीत होत्या.

७

आता पुन्हा थंडी पडली आहे. सिनेमा जवळजवळ तयार आहे. दाढीवाल्यांनी पहिलं वाक्य लिहिलं होतं, या पट्ट्यात कोणीही राहत नाही. लेकीने ते कापून टाकलं. त्यांनी कारण विचारलं तर म्हणाली, आधी हे पाहा, मग हवं तर परत घालू.

तिने पाहायला दिलं ते आमच्याच पुढच्या खोलीतलं चित्रण. सकाळची वेळ, सासूबाई खुर्चीत बसून घराविषयी सांगताहेत, मागे ती खिडकी, खिडकीची थंड काच. लेक म्हणाली, आजीकडे बघू नका, काचेकडे बघा. काचेच्या खालच्या कडेला, एखादं सहासात वर्षांचं पोर भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं तर त्याचं तोंड जिथे येईल तिथे, वाफेचा एक लहान ठिपका उमटत होता. विरत होता. पुन्हा उमटत होता. एकसारखा, सावकाश, मोजल्यासारखा.

मी हरखून गेले. आपल्या घरात लेकरू श्वास घेत असेल तर कोणती बाई हरखणार नाही? मी आपली ठिपके पाहत राहिले. आणि मग एक ठिपका विरला, आणि पुढचा उमटला नाही. सासूबाई बोलत होत्या, काच स्वच्छ होती. बोका उन्हाच्या जागेवरून उठून उभा राहिला आणि कोपऱ्याकडे नव्हे, खोलीच्या मधोमध पाहू लागला. मग चित्रण संपलं. लेकीच्या कॅमेऱ्याचं कार्ड भरलं होतं.

दाढीवाल्यांनी ते वाक्य परत घातलं नाही. त्यांनी जाताना सासूबाईंना नमस्कार केला आणि खोलीच्या कडेकडेने दारापर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी काचेवर ठिपका पुन्हा होता. म्हणजे वीस झाले असतील आणि तिने एकपासून धरलं असेल. मी तसंच मानते. सासूबाई रोज दुपारी त्या कपाटात बसून पाहतात, गुडघे पोटाशी घेतले की आता दार नीट लागतं. बाहेर आल्या की पोटभर जेवतात. त्यांच्यासारखी सुखी म्हातारी मी पाहिलेली नाही, आणि ते सुख मला अजून खूप दिवस हवं आहे. म्हणून मी आता नवं व्रत धरलं आहे. सिनेमा पाहून तुम्ही आजींना भेटायला आमच्याकडे याल, लोक येतातच, तेव्हा तुम्हीही ते पाळा, तेवढं मागते. खिडकीच्या कोपऱ्यावरून सरळ जाऊ नका, मी घालते तसा वळसा घाला. तिच्याजवळ मोठ्याने आकडे बोलू नका, ती चटकन शिकेल. आणि जाताना तुमच्या कमरेजवळून कुणी हळूच विचारलं, ताई कुठे आहे, तर लगेच उत्तर तोंडावर येतं, मी जाणते, इतकं गोड विचारते ती. मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.